तेराशे तपासण्या, एक जोडपं

बोरिवली पूर्वेला मुंबई महापालिकेचं एक केंद्र आहे. सर्वंकष थॅलेसेमिया उपचार, बालरक्तविकार व बालकर्करोग आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र असं त्याचं भलंमोठं नाव. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात बालरोग विभाग सांभाळलेल्या डॉ. ममता मंगलानी यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं आणि 2018च्या सुमारास तिथे काम सुरू झालं. उपनगरात, तेही महापालिकेच्या रुग्णालयात, मुलांचं बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट होऊ शकतं, ही गोष्ट त्याआधी कुणी फारशी मनावर घेतली नसती.

थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मलेलं मूल पहिल्या एक-दोन वर्षांत पांढरंफटक पडू लागतं. प्लीहा वाढून पोट पुढे येतं, वाढ खुंटते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं. तीन आठवड्यांचा फेरा धरला तर वर्षाला सतरा खेपा, आणि त्या जन्मभर. चढवलेल्या प्रत्येक पिशवीतून शरीरात लोह साचत जातं. ते काढलं नाही तर यकृत आणि हृदय निकामी होतात. पूर्वी त्यासाठी रात्र रात्र पोटाच्या कातडीखाली सुई ठेवून पंपाने औषध सोडावं लागे. पोटातून घ्यायच्या डेफेरीप्रोन या औषधाच्या चाचण्या मुंबईत झाल्या, मुंबईच्याच सिप्लाने 1990च्या दशकात ते 'केल्फर' नावाने बाजारात आणलं आणि अनेक घरांतला तो पंप सुटला.

थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त मोफत मिळावं असं सरकारचं धोरण आहे. त्यामुळे कागदावर हा आजार स्वस्त दिसतो. पण आई किंवा बापाचे वर्षाला सतरा खाडे, लोकलचा आणि रिक्षाचा खर्च, रक्त गाळायचा फिल्टर, साचलेलं लोह मोजणारी फेरिटिनची तपासणी, लोह काढणाऱ्या गोळ्या, आणि मधूनच 'हे इथे नाही, बाहेरून आणा' म्हणून हातात पडणारी चिठ्ठी, हे सगळं रुग्णालयाच्या वहीत येत नाही. आरोग्याचं अर्थशास्त्र मांडणारे म्हणूनच पहिला प्रश्न विचारतात: हिशेब कुणाच्या बाजूने मांडायचा? फक्त महापालिकेच्या तिजोरीचा, की घराच्या तिजोरीचाही? उत्तर बदललं की स्वस्त-महाग यांची जागा बदलते.

प्रत्यारोपणाचा खर्च एकदाच होतो. कोल इंडियाने 2017मध्ये थॅलेसेमिया बाल सेवा योजना सुरू केली, तीत एका मुलामागे 10 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. साधारण खर्चाचा अंदाज त्यावरून यावा. जुळणारा भाऊ किंवा बहीण असेल आणि मूल लहान असेल, लोहाने यकृत खराब होण्याआधी उपचार झाला, तर मूल बरं होतं. चाळीस-पन्नास वर्षांच्या रक्ताच्या पिशव्या आणि गोळ्यांच्या समोर 10 लाख ठेवले तर कुठलंही सूत्र न वापरता कळतं की पैसे कुठे घालावेत. अडचण एवढीच की सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळण्याची शक्यता चारात एक. बाकीच्या मुलांसाठी निम्मे जुळणारे आईबाप किंवा परके दाते शोधायचे, आणि तिथे धोकाही वाढतो, खर्चही.

मग तिसरा मार्ग उरतो, आजार येऊच न देण्याचा. आई आणि वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील तरच मुलाला मेजर होतो, आणि तेव्हाही प्रत्येक गरोदरपणात शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो. त्याला आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. रक्ताच्या एचपीएलसी तपासणीत एचबीए-टू हा घटक वाढलेला दिसला की कळतं.

इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावं असा हिशेब आहे. सहा राज्यांतल्या 56,780 लोकांच्या रक्ततपासणीवर आधारलेला एक मोठा अभ्यास 2013मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचं सरासरी प्रमाण 2.78 टक्के निघालं. लग्नं अगदी चिठ्ठ्या टाकून ठरतात असं धरलं, तर दोघेही वाहक असलेलं एक जोडपं सापडायला सुमारे तेराशे गरोदर बायका तपासाव्या लागतील. त्यांतल्या छत्तीसेक वाहक निघतील, त्यांच्या नवऱ्यांना बोलवायचं, आणि त्या छत्तीसांतला एक वाहक असेल. पण त्या जोडप्याच्याही पोटातलं बाळ बाधित असण्याची शक्यता चारात एकच. म्हणजे एक बाधित गर्भ वेळेत कळायला तेराशेच्या चौपट, 5,200च्या आसपास बायका आणि दीडशेच्या आत-बाहेर नवरे.

एक तपासणी 500 रुपयांना पडते असं धरून बघू. एका बाधित गर्भामागे खर्च होतो साडेसव्वीस लाखांच्या घरात. प्रत्यारोपणाला 10 लाख. 'प्रतिबंध उपचारापेक्षा स्वस्त' हे शाळेच्या भिंतीवरचं वाक्य इथे पहिल्याच बेरजेत अडखळतं.

आता दोन आकडे हलवून बघायचे. वाहकांचं प्रमाण 8 टक्के असलेल्या समाजात हाच हिशेब केला तर 625 बायका आणि 50 नवरे पुरतात, खर्च येतो 3 लाख 40 हजारांच्या आत. प्रमाण तेच ठेवून तपासणीचा दर 500वरून 100वर आणला, तर साडेसव्वीस लाखांचे 5 लाख 30 हजार होतात. शिवाय चिठ्ठ्या टाकून लग्नं आपल्याकडे होतच नाहीत. ती जातीत होतात, पोटजातीत होतात. त्यामुळे वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता सरासरीवरून काढलेल्या गणितापेक्षा जास्तच असते.

हिमोग्लोबिनच्या आजारांबाबत केंद्र सरकारने 2016मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. वाहकांचं प्रमाण जास्त असलेल्या समाजांची यादी त्यात आहे: सिंधी, पंजाबी, गुजराती, बंगाली, लोहाणा. मुलुंड कॉलनी आणि घाटकोपर पूर्व यांची वस्ती डोळ्यांसमोर आणली तर यादीतली ही नावं ओळखीची वाटतील. पण त्याच यादीत कोळी आहेत, महार आहेत, सारस्वत आहेत. 'हा सिंध्यांचा आजार' म्हणून मराठी घरं जो सुस्कारा टाकतात, त्याला वेसाव्यापासून पार्ल्यापर्यंत काही आधार नाही.

तपासणीचा दर 500 असायलाच हवा असंही नाही. नेस्ट्रॉफ्ट नावाची एक जुनी चाचणी आहे. काचेच्या एका नळीत 0.36 टक्के मिठाचं बफर केलेलं पाणी घ्यायचं, दुसऱ्यात शुद्ध पाणी. दोन्हींत रक्ताचा छोटा थेंब टाकायचा आणि अर्धा तास थांबायचं. मग पांढऱ्या कागदावर काळी रेघ ओढून तो कागद नळ्यांच्या मागे धरायचा. साध्या पाण्यातल्या पेशी फुटलेल्या असतात, रेघ स्वच्छ दिसते. मिठाच्या पाण्यातही ती तशीच स्वच्छ दिसली तर पेशी सर्वसाधारण आहेत. रेघ धूसर झाली किंवा दिसेनाशी झाली, तर पेशी फुटायला तयार नाहीत आणि ती बाई वाहक असू शकते. ना यंत्र, ना वीज, खर्च नगण्य. खोट यात अशी की अंगात लोह कमी असलेल्या बायकांचीही रेघ धूसर येते, आणि आपल्याकडे गरोदर बायकांत रक्तक्षय घरोघर. म्हणून ही चाचणी निकाल देत नाही, फक्त चाळते. तिच्यातून उरलेल्यांचीच एचपीएलसी करायची. 5,200 एचपीएलसी करण्याऐवजी त्यातल्या थोड्याच कराव्या लागल्या की वरची सगळी बेरीज उलटी फिरते.

आर्थिक मूल्यमापन म्हणतात ते एवढंच. कुठली गोष्ट, कुणासाठी, कुठल्या दराने, आणि तोच पैसा दुसरीकडे घातला असता तर काय मिळालं असतं.

शास्त्र म्हणून त्याची भाषा थोडी किचकट आहे. वेगवेगळ्या आजारांची तुलना करायला एक समान माप लागतं, म्हणून 'क्वाली' नावाचं एकक वापरतात. पूर्ण तब्येतीत काढलेलं एक वर्ष म्हणजे एक क्वाली. वेदनेत, अंथरुणाला खिळून काढलेलं वर्ष एकापेक्षा कमी. किती कमी, हे लोकांनाच विचारून ठरवतात. भारतासाठी ही मोजपट्टी 2022मध्ये तयार झाली, पाच राज्यांतल्या 3,548 लोकांना विचारून. नव्या उपचाराने एक जास्तीची क्वाली मिळवायला किती जास्तीचे रुपये पडतात ते काढायचं, आणि ती रक्कम देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या आत असेल तर उपचार परवडणारा धरायचा, असा भारतात सर्वसाधारण संकेत आहे. आजच्या घडीला ही रक्कम सव्वादोन-अडीच लाखांच्या घरात जाते. हे काम करणारी 'एचटीएइन' ही यंत्रणा केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली 2017पासून आहे. तिचं एक केंद्र परळला, स्त्रियांच्या आणि बालकांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या आयसीएमआरच्या संस्थेत आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी गर्भाशयात भरायचे फुगे, महागडे आयात केलेले आणि कंडोम वापरून केलेले स्वस्त, यांची तुलना या केंद्राने केली आहे.

थॅलेसेमियात मात्र हे माप एका जागी अडतं. गर्भ बाधित निघाला आणि जोडप्याने गर्भपाताचा निर्णय घेतला, तर क्वाली कुणाची वाढली? जो जन्मलाच नाही त्याची नाही. म्हणून अशा अभ्यासांत वाचलेला खर्च मोजतात आणि गप्प बसतात. दुसरी अडचण काळाची. हिशेबात पुढच्या फायद्याला वर्षाला 3 टक्के कात्री लावायची रीत आहे, त्यामुळे तीस वर्षांनी वाचणारा रुपया आज 41 पैसेच मोजला जातो. प्रतिबंधाचे फायदे नेहमीच लांबचे, म्हणून ही कात्री त्याच्यावरच जास्त चालते. आणि सगळ्यात नाजूक बाब म्हणजे आज बोरिवलीच्या वॉर्डात रक्त घेत बसलेली मुलं. त्यांच्या देखत 'हा जन्म टाळता आला असता तर एवढे वाचले असते' असा हिशेब मांडायचा नसतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमियाला दिव्यांगत्वांच्या यादीत घेतलं आहे. उपचाराचा हक्क कुठल्याही बेरजेवर टांगलेला नाही. प्रतिबंधाचा पैसा त्यांच्या रक्तातून कापायचा नाही, हे ठरवल्यावरच पुढचं बोलता येतं.

असे हिशेब हाताळताना एक गोष्ट लक्षात येते. आर्थिक मूल्यमापन म्हणजे उपचार नाकारायची सबब, अशी भीती डॉक्टरांना आणि रुग्णांना वाटते. मुंबईचा गेल्या काही वर्षांतला अनुभव वेगळा आहे. हिशेब मांडला की बऱ्याचदा आधी भाव पडतो.

टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली. तिच्यातल्या 23 रुग्णालयांनी 40 औषधांची मागणी एकत्र करून कंपन्यांशी घासाघीस केली, आणि 1,320 कोटी रुपये वाचले. काही औषधांचा भाव 23 टक्क्यांनी उतरला, काहींचा 99 टक्क्यांनी. तेच औषध, तोच रुग्ण, तीच कंपनी. टाटा मेमोरियलमध्येच डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना निव्होलुमॅब हे औषध दर दोन आठवड्यांना 240 मिलिग्रॅम या रूढ मात्रेऐवजी तीन आठवड्यांतून एकदा फक्त 20 मिलिग्रॅम देऊन पाहिलं. जोडीला स्वस्त गोळ्या-औषधं. नुसत्या त्या स्वस्त उपचारावर वर्षभर जगणारे रुग्ण 16.3 टक्के होते, 20 मिलिग्रॅमची जोड दिल्यावर 43.4 टक्के. पूर्ण मात्रा परवडत नाही म्हणून जे रुग्ण या औषधाच्या आसपासही फिरकत नव्हते, त्यांच्यासाठी हा हिशेब डॉक्टरांनी स्वतः चाचणी घेऊन बदलला.

पवईचं उदाहरणही असंच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या 'नेक्सकार-19' या कार-टी (रुग्णाच्याच पेशी बदलून परत देण्याच्या) उपचाराला 2023मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल 2024मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीच्या आवारात त्याचं लोकार्पण झालं. अमेरिकेत याच पद्धतीच्या उपचाराला कोटींमध्ये पैसे पडतात, इथे लाखांमध्ये. 30-40 लाख म्हणजेही घाटकोपरच्या चाळीतल्या घराला न पेलणारीच रक्कम, पण सरकारी योजनेने विचार करावा इतपत ती खाली आली.

क्षयरोगात तर या शहराची कीर्ती नको तेवढी आहे. 2012च्या सुरुवातीला कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण हिंदुजा रुग्णालयात सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि जगभर मुंबईचं नाव झालं. त्यावर चालणारं बेडाक्विलिन पेटंटमध्ये अडकलेलं होतं. पेटंटची मुदत लांबवायच्या कंपनीच्या अर्जाला 2019मध्ये क्षयातून बऱ्या झालेल्या दोघींनी आव्हान दिलं, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. मार्च 2023मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. सप्टेंबर 2024मध्ये केंद्राने बीपाल-एम हा चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर केला. आधीचा उपचार वीस-वीस महिने चाले. ही मंजुरी देताना आरोग्य संशोधन विभागाने किफायतशीरपणाचं मूल्यमापनही करून घेतलं होतं. औषधाचा भाव उतरला की असं गणित जुळायला सोपं जातं.

भाव न पाडता, नुसत्या भावनेवर पैसा उभा राहतो तेव्हा काय होतं तेही मुंबईने पाहिलंय. 2021च्या फेब्रुवारीत इथल्या एका बाळाला स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या दुर्मीळ आजारासाठी 16 कोटींचं इंजेक्शन दिलं गेलं. लोकांनी भरभरून वर्गणी दिली, केंद्राने सुमारे 6 कोटींचा कर माफ केला. त्या आईबापांनी दुसरं काय करायचं होतं? कुणीही तेच करील. प्रश्न व्यवस्थेचा आहे. सरकारचं दुर्मीळ आजारांचं धोरण एका रुग्णामागे 50 लाखांवर थांबतं, त्यामुळे ज्याचा फोटो लोकांच्या मोबाइलवर पोचतो त्याला उपचार, ज्याचा पोचत नाही त्याला नाही. ऑक्टोबर 2025मध्ये याच आजारावरचं रिसडिप्लाम हे औषध न्यायालयीन लढाईनंतर नॅटको कंपनीने 15,900 रुपयांना आणलं. मूळ कंपनीची बाटली सहा लाखांच्या पुढे होती. वर्गणीने एक मूल वाचतं, भाव पडला की रांगेतली बाकीचीही.

ब्रिटनमध्ये 1999पासून 'नाइस' नावाची संस्था हे काम उघडपणे करते. थॅलेसेमियावरच्या कॅसजेवी या जनुकीय उपचाराची तिथली छापील किंमत 16 लाख 51 हजार पौंड, म्हणजे 17 कोटींच्या वर. 'नाइस'ने ऑगस्ट 2024मध्ये त्याला मान्यता दिली, पण कंपनीकडून सवलत पदरात पाडून घेऊन. त्यांचे निर्णय, कारणं, आक्षेप सगळं छापलेलं असतं. त्यावर लोक भांडतात, कोर्टात जातात. भांडायला काहीतरी कागद समोर आहे, हेच मोठं.

आपल्याकडेही वाटणी होतेच, फक्त ती लिहिलेली नसते. महापालिकेचा 2025-26चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा, त्यातले आरोग्यासाठी सुमारे 7,380 कोटी. 2011च्या जनगणनेनुसार मुंबई शहर जिल्ह्यात 30 लाख 85 हजार माणसं होती आणि उपनगर जिल्ह्यात 93 लाख 57 हजार. म्हणजे चारातले तीन मुंबईकर उपनगरात राहतात. पण वैद्यकीय महाविद्यालयांची जुनी थोरली रुग्णालयं, केईएम, नायर, शीव, तिन्ही शहर जिल्ह्यात. उपनगराच्या वाट्याला त्या तोडीचं कूपर. मुलुंडचं अग्रवाल, घाटकोपरचं राजावाडी, बोरिवलीचं भगवती यांच्याकडून अवघड रुग्ण लोकलने किंवा रुग्णवाहिकेने दक्षिणेकडे निघतो. त्या प्रवासाचा, बुडलेल्या रोजाचा, वाटेत गेलेल्या तासांचा खर्च कुठल्याच प्रस्तावात नसतो. तो मोजला असता तर बोरिवलीसारखी केंद्रं आणखी आधी आणि आणखी ठिकाणी झाली असती.

स्वस्त उपाय उपनगरांना परके नाहीत. टाटा मेमोरियलने 1998पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर एक चाचणी केली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे शिकवून, व्हिनेगरसारख्या सौम्य अॅसिटिक आम्लाने गर्भाशयमुखाची तपासणी. त्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणीविना का ठेवलं, यावर पुढे कडक टीका झाली आणि ती गैरलागू नव्हती. मात्र अशा साध्या तपासणीने मृत्यू टळतात, हे त्यानंतर कुणाला नाकारता आलं नाही.

तेव्हा दोन मागण्या सरळ करता येतात. पहिली महापालिकेकडे. यंत्र असो, औषध असो की नवी इमारत, आरोग्याच्या प्रत्येक मोठ्या प्रस्तावासोबत एक पान जोडावं: यातून किती लोकांचं किती आयुष्य सुधारेल, हाच पैसा दुसरीकडे घातला तर काय मिळेल, आणि रुग्णाच्या घरचा खर्च किती वाढेल किंवा घटेल. ते पान लोकांना वाचायला मिळावं. दुसरी गरोदर बायकांच्या नाव-नोंदणीशी निगडित आहे. पहिल्या भेटीतच, दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या आत, थॅलेसेमियाची चाळणी प्रत्येकीची झाली पाहिजे, आणि वाहक निघालेल्या बाईच्या नवऱ्याची त्याच आठवड्यात. पुढे ढकललं तर गर्भाच्या तपासणीचा आणि जोडप्याच्या निर्णयाचा वेळ निघून जातो. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली इथल्या वाचकांनी मात्र महापालिकेची वाट बघू नये. घरात लग्न ठरत असेल किंवा पाळणा हलायचा असेल, तर एचबीए-टूची तपासणी आजच करून घ्यावी. ती आयुष्यात एकदाच करायची असते.